जेसिनाने बांधलेली झावळी

सावो बेटावर जेसिनाला गप्प बसवणारी एकच जागा आहे, ती म्हणजे अंड्यांची वाळू. चर्चमध्ये फादर बोलत असले तरी ती शेजारणीच्या कानाला लागलेली असते. मयताला गेली तर गेलेल्या माणसाने कुणाचं जाळं परत केलं नव्हतं, ते सांगितल्याशिवाय उठत नाही. पण पहाटे वाळूच्या कडेला झाडाखाली जाऊन बसली की उजाडेपर्यंत तोंडातून शब्द नाही. त्या वेळी वाळूकोंबड्या रानातून उतरून अंडी घालत असतात आणि माणसाचा आवाज कानावर पडला की पसार होतात. तिचा नवरा सायलस सुपारीला चुना लावत म्हणतो, "देवाने मला काय दिलं म्हणून विचारता? रोजची पहाट दिली."

वाळूकोंबडी ही नावापुरती कोंबडी. अंग बेताचं, पाय मात्र हमालाचे, आणि अंडं तिच्या अंगाच्या मानाने भलतंच थोरलं. ते उबवत बसायचं झेंगट तिने कधीच गळ्यातून काढून टाकलंय. आमच्या डोंगराच्या पोटात आग आहे, तिच्यामुळे किनाऱ्याच्या त्या पट्ट्यातली वाळू कायम गरम. कोंबडी येते, खोल खड्डा उकरते, अंडं घालते, वर वाळू लोटते आणि चालती होते. पुढे पिल्लू आपलं आपण वर येतं, अंग झटकतं आणि त्याच दिवशी उडून जातं. ना आईची विचारपूस, ना बापाची. जेसिनाचे तिन्ही मुलगे समुद्रापलीकडे राजधानीत, होनिआरात नोकरीला आहेत, ते नाताळलाच उगवतात. "माझे पण वाळूतूनच निघाले," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

तीन मुलगे आणि मुलगी नाही, हे तिचं खरं दुखणं. आमच्याकडे जमीन आईकडून लेकीकडे जाते. नवरे येतात, राहतात, जेवतात, होडी वल्हवतात. घरजावई म्हणून कुणी कुणाला हिणवत नाही, कारण सगळेच तसे. अंड्यांच्या वाळूतला जेसिनाच्या घराण्याचा पट्टा तिच्या आईकडून आला. आईच्या मागे मामांनी, म्हणजे बार्नबस मामांनी, त्याचे दोन भाग केले. रानाकडचा भाग थोरल्या जेसिनाचा, पाण्याकडचा धाकट्या लोइसचा, आणि मध्ये दगडांची एक ओळ. पण सगळ्या पट्ट्याची राखण एकीकडेच राहते, आणि ती जेसिनाकडे आली. राखण म्हणजे काय, तर कोंबड्या रानात परतल्यावर वाळूवर पहिलं पाऊल तिचं, पहिलं अंडं तिचं, आणि पट्ट्याबद्दल गावात बोलणं निघालं की शेवटचा शब्द तिचा. लेक नसलेल्या बाईला आमच्या गावात मान मिळायच्या जागा थोड्याच आहेत, त्यातली ही सगळ्यात मोठी.

लोइस तिच्याहून दोन वर्षांनी लहान आणि वीतभर उंच. बोलायला जड, कामाला वाघ. जेसिना दहा वाक्यं बोलते तेवढ्यात लोइसचा खड्डा खणून होतो. हातही असे लांब की काखेपर्यंत वाळूत घातला म्हणजे अंड्याने कुठे लपायचं? दोघींचं लहानपणापासून पटलं नाही आणि एकमेकींवाचून भागलंही नाही.

आईच्या काळात या पट्ट्यातून रोज टोपली भरून अंडी निघायची. आता दोघींची मिळून दहा-बारा निघाली तरी नशीब. अंडी म्हणजे आमचं घर चालवणारी गोष्ट. नारळाच्या दुधात शिजवलेलं अंडं आणि रताळं नसेल तर आमच्या म्हाताऱ्यांना जेवल्यासारखं वाटत नाही, आणि बाजारच्या होडीत चढवायला दुसरं आहे काय? तेव्हा अंडी कमी का झाली, यावर पाणवठ्यावर रोज वाद. एक दिवस जेसिनाने कपडे आपटता आपटता तोंड सोडलं.

"तू सगळं ओरबाडतेस, लोइस. एक अंडं मागे ठेवत नाहीस. पिल्लं येणार कुठून, आभाळातून?"

"मी खणते म्हणून कोंबड्या येतात, ताई."

"हो का? म्हणजे चोर येतो म्हणून घरात भांडी वाढतात."

पाणवठ्यावरच्या बायका हसल्या. लोइसने कपडे पिळले, बादली उचलली आणि गेली. तिला उत्तर द्यायचं असतं, पण ते तिला दुसऱ्या दिवशी सुचतं.

जेसिनाच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. थोरले मुखिया वारले तेव्हा रिवाजाप्रमाणे गावासमोरच्या खडकांतली मासेमारी वर्षभर बंद ठेवली होती. खांबाला नारळाची गाठ मारलेली झावळी बांधली, की त्या पाण्यात गळ नाही, जाळं नाही, पाय बुडवणंही नाही. वर्षाने झावळी सोडली तर मासे इतके की पोरंसोरं हाताने धरत होती. जेसिना म्हणाली, जे समुद्राला लागू ते वाळूला. माणसाने हात काढून घेतला की देव आपला हात घालतो. ऐकायला किती छान वाटतं, आणि ती ते अशा ठसक्यात सांगायची की फादरांनाही रविवारी तेच सांगावंसं वाटलं.

बार्नबस मामा ऐंशीच्या घरातले. त्यांनी दोघींचं ऐकून घेतलं, बराच वेळ सुपारी चघळली आणि निवाडा दिला.

"जेसिना, तू तुझा भाग बंद कर. लोइस, तू तुझा चालू ठेव. सर्व संतांचा सण आत्ता झाला, पुढच्या सणाला सगळ्यांदेखत मोजू. जिच्या भागावर कोंबड्या जास्त, तिच्याकडे सगळ्या पट्ट्याची राखण."

"आणि मध्येच कुणी झावळी मोडली तर?" लोइसने विचारलं.

"रिवाज ठरलेला आहे. एक डुक्कर आणि राखण, दोन्ही जातील."

"माझ्याकडून मोडायची नाही," जेसिना म्हणाली. तिने त्याच संध्याकाळी चार खांब रोवून चार झावळ्या बांधल्या, खरं तर एक बांधली असती तरी चाललं असतं.

पहिले दोन महिने तिचा थाट बघण्यासारखा होता. पहाटे जाऊन बसायची, वाळूला पाय लावायची नाही, आणि दिवसभर गावाला सांगायची की आता बघा. घरी अंडी नव्हती, तर शेजारणीकडून उसनी आणायची. सायलसने एकदा भीत भीत विचारलं, "आपली वाळू असून आपण अंडी उसनी आणतो, हे बरं दिसतं का?" त्यावर त्याला त्या दिवशी नुसतं रताळं मिळालं.

तिसऱ्या महिन्यापासून चित्र पालटलं. जेसिनाच्या भागावर मर्यादवेल पसरली, तिच्यामागून गवत, गवतामागून झुडपं. कोंबड्या उतरायच्या, तिच्या भागावर चार पावलं टाकायच्या आणि दगडांची ओळ ओलांडून लोइसकडे जायच्या. आधी दोन गेल्या, मग पाच. पावसाळा संपेपर्यंत तिच्या भागावर कोंबडी औषधाला उरली नाही. लोइसच्या टोपलीत मात्र रोज दहा-बारा अंडी, म्हणजे पूर्वी दोघींची मिळून असायची तेवढी.

गावाला तर चघळायला सुपारीपेक्षा हे बरं. "जेसिनाबाई, तुमच्या कोंबड्या समुद्रात गेल्या का? तिथली बंदी त्यांना जास्त आवडते म्हणे," असं एकाने चर्चच्या दारात विचारलं. जेसिनाने त्याला त्याच्या बापाच्या होडीला कुठे भोक पडलं होतं आणि ते कसं पडलं, हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पण घरी आल्यावर ती जेवली नाही.

तिला संशय आला की लोइस काहीतरी टाकते. किसलेलं खोबरं, नाहीतर वाळवीची माती. म्हणून एका सकाळी कोंबड्या परतल्यानंतर ती घरी न जाता झाडामागेच थांबली. लोइस आली, तिने खणलं, अंडी काढली, टोपलीत ठेवली. आता टाकेल, आता टाकेल म्हणून जेसिना डोळ्यांत तेल घालून बसली. लोइसने काही टाकलं नाही. ती गुडघ्यावर बसली आणि खणलेली वाळू मूठ मूठ करून बोटांतून गाळायला लागली. मूळ सापडलं की ओढून काढायचं, काटकी सापडली की बाजूला. मग गाळलेली वाळू खड्ड्यात हलक्या हाताने सोडायची, दाबायची नाही. एका खड्ड्याला इतका वेळ लागला की जेसिनाच्या पायांना मुंग्या आल्या. लोइसने त्या सकाळी सात खड्डे असे भरले.

दुसऱ्या पहाटे जेसिनाने मुद्दाम आपल्या भागाकडे पाहिलं. एक कोंबडी आली, वेलीत उकरायला लागली, मुळाशी अडली. पाय झटकला, पुन्हा उकरलं, पुन्हा अडली. मग दगड ओलांडून लोइसच्या मोकळ्या वाळूत गेली आणि बघता बघता कमरेपर्यंत आत शिरली. जेसिनाला लोइसचं ते वाळू गाळणं आठवलं. आई हेच करायची. जेसिना स्वतः तीस वर्षं हेच करत आली होती, फक्त त्याला ती अंडी शोधणं म्हणायची. खणणं हीच वाळूची मशागत होती, आणि ती तिने स्वतःच्या हाताने बंद पाडली होती.

आता काय? सणाला दोन महिने उरलेले. तिने रात्रीच्या जेवणाला सायलसला सगळं सांगितलं. सायलस इसाबेल बेटावरचा, व्यवहारी माणूस.

"मग जा आणि उपट वेली," तो म्हणाला. "कोंबड्या गेल्यावर, लोइस यायच्या आधी, तिथे तुझ्याशिवाय असतं कोण? दोन महिन्यांत कोंबड्या परत येतील. राखण तुझी, आणि मीही मोकळा."

"झावळी मीच बांधली आहे."

"म्हणून तर तुझ्यावर कुणाला संशय येणार नाही."

नाही नाही म्हणत ती गेली. आठ दिवस गेली. रानाच्या कडेची, कुणाला चटकन दिसणार नाही अशी खाटेएवढी जागा तिने खणून, गाळून मऊ केली. मुळं टोपलीत झाकून आणली आणि चुलीत घातली. नवव्या पहाटे त्या जागेत दोन कोंबड्या उतरल्या, आणि दोन्ही तिथेच अंडी घालून गेल्या. जेसिनाला इतका आनंद झाला की तिने घरी येऊन सायलसला सुपारी स्वतः फोडून दिली. तो घाबरला.

त्याच दुपारी बार्नबस मामा काठी टेकत घरी आले. त्यांनी झावळीच्या बाहेरून कोंबड्यांची पावलं पाहिली होती, आणि म्हाताऱ्याचा चेहरा फुलला होता.

"जेसिना, तुझं खरं ठरलं बघ. वाळू विसावली आणि कोंबडी परतली. मी आत्ताच बाकीच्या घराण्यांशी बोलून आलो. सण झाला की सगळ्या किनाऱ्याला झावळी बांधायची. दोन वर्षं कुणी हात लावायचा नाही."

"सगळ्या किनाऱ्याला?"

"सगळ्या. लोइसच्या भागालाही. तू दाखवलंस म्हणून सगळे तयार झाले. तुझं नाव निघेल गावात."

मामा गेले. जेसिना उंबऱ्यात बसून राहिली. सगळा किनारा तिच्या भागासारखा झाला, तर कोंबड्या दगडांची ओळ ओलांडून जाणार कुठे? त्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला जातील आणि परत यायच्या नाहीत. तिचं नाव निघेल हे खरं. कसं निघेल, ते तिला दिसत होतं. सायलस म्हणाला, "सणापर्यंत गप्प बस, राखण हातात येऊ दे, मग सांग." ती म्हणाली, "राखण हातात आल्यावर खरं बोललेली बाई मी अजून पाहिली नाही. मला माझीच खात्री नाही."

त्या रविवारी प्रार्थना सुटल्यावर गाव चर्चबाहेरच्या मोठ्या झाडाखाली नेहमीसारखं रेंगाळलं होतं. जेसिना मामांसमोर जाऊन उभी राहिली. तिच्या हातात चारही झावळ्या होत्या. सकाळीच सोडून आणलेल्या.

"झावळी मी मोडली," ती म्हणाली. "आज नाही, गेले आठ दिवस रोज मोडते आहे. कोंबड्या आपणहून आल्या नाहीत, मी वेली उपटून वाळू गाळली म्हणून आल्या. समुद्राला हात लावला नाही की तो भरतो. वाळूला हात लावला नाही की ती मरते. मला ते कळलं नव्हतं. लोइसला माहीत होतं, पण मी तिला बोलू दिलं नाही."

एरवी तिच्या बोलण्याला हसणारे लोक त्या दिवशी हसले नाहीत. मामांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ते दुखावले होते, ते लपलं नाही.

"रिवाज तुला ठाऊक आहे."

"डुक्कर दुपारी आणून बांधते. काळी डुकरीण. आणि राखण लोइसची." इथे तिचा आवाज फाटला. तीस वर्षांची गोष्ट होती, फाटणारच. "पण एक सांगून जाते. कोंबड्या लोइसकडे वाढल्या नाहीत, नुसत्या तिकडे सरकल्या. आईच्या वेळी टोपली भरायची, आता तळ दिसतो. खण, लोइस. रोज खण. पण सगळी काढू नकोस."

लोइसने पहिल्यांदाच त्याच दिवशी उत्तर दिलं. "किती ठेवायची? दोन? चार? आईने कधी मोजून ठेवलेली मी पाहिली नाही. दिसेल ते काढायची."

मामा हसायला लागले. म्हातारा बराच वेळ हसत राहिला, मग त्याने डोळे पुसले. "तुझ्या आईचा हात केवढा होता आठवतो का? एवढासा. कोपराच्या थोडं वर वाळू आली की तिची बोटं संपायची. खालची अंडी राहायची, आणि ती सगळ्यांना सांगायची की खड्डा रिकामा आहे. मी भाऊ तिचा, मला माहीत. आम्ही कुणी काही राखलं नव्हतं गं. तिचा हात पुरत नव्हता, एवढंच."

लोइसने आपल्या लांब हाताकडे पाहिलं.

डुकरीण गेली. सायलसने दोन दिवस तिच्या रिकाम्या खोपटाकडे पाहायचं टाळलं. राखण गेली. सगळ्या किनाऱ्याला झावळी बांधायचं मात्र टळलं. नव्या राखणदारणीने पहिला हुकूम सोडला तो असा, की घराण्यातल्या सगळ्यांनी मिळून थोरलीच्या भागावरच्या वेली काढायच्या, आणि वाळू गाळायच्या कामावर थोरली देखरेख करेल. देखरेख म्हणजे बोलायचं काम. लोइसला कळत होतं सगळं.

सर्व संतांच्या सणानंतरच्या आठवड्यातली सकाळ. कोंबड्या रानात परतल्या होत्या. वाळूवर पहिलं पाऊल लोइसने टाकलं. जेसिना झाडाखालून पाहत होती आणि तिला ते पाहवत नव्हतं. लोइस थेट दगडांची ओळ ओलांडून जेसिनाच्या भागात गेली, ताज्या उकरलेल्या जागी गुडघ्यावर बसली आणि बहिणीला हाताने जवळ बोलावलं. दोघी मिळून खणायला लागल्या. कोपराइतक्या खोलीवर एक अंडं निघालं, वाळूत पुरलेलं, अजून गरम. राखणदारणीचं पहिलं अंडं म्हणून लोइसने ते आपल्या टोपलीत ठेवलं. मग तिने हात पुन्हा घातला, काखेपर्यंत, गाल वाळूला टेकेपर्यंत. समोर बसलेल्या जेसिनाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बोटांना काहीतरी लागलं की लोइसची खालची पापणी किंचित उडते. ती लहानपणापासून उडते, खेळात ती त्याच्यामुळेच हरायची. आत्ताही उडाली.

लोइसने हात बाहेर काढला. मूठ रिकामी होती.

"हात पुरत नाही," ती म्हणाली.

जेसिनाला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं. लोइसने बहिणीकडे न पाहता वाळू उचलली आणि बोटांतून गाळत खड्ड्यात सोडायला सुरुवात केली. थोड्या वेळाने जेसिनानेही दोन्ही मुठी भरून घेतल्या.